चिखली, रकाना सातवा

एप्रिलची अमावास्या. पहाटे पाच चाळीसला
पाणी सगळ्यात खाली जाईल, असं तक्त्यात.
रुझारने होडी अलीकडेच थांबवली :
पुढे तुमचं तुम्ही बघा, माझं वल्हं रुततं.

उतरले. पोटरी. मग गुडघा.
एक चप्पल जुवारीने ठेवून घेतली.
हातात मीटरभराची चौकट, पांढऱ्या पाइपाची,
गळ्यात क्षारतामापक, दातांत पेन्सिल,
आणि डोक्यावरून दाबोळीला उतरणारं पहिलं विमान.

खोली : ठीक.
क्षारता : एकतीस. ठीक.
(जुलैत हीच तीनवर येते.
तेव्हा कोण मरतं, कोण तोंड मिटून वाट पाहतं,
त्याला रकाना नाही.)
प्राणवायू : बरा.
गढूळपणा : तबकडी दोन वितींवरच दिसेनाशी झाली.
तळ : चिखल. गुण शून्य.

ज्या गावाच्या नावातच चिखल
तिथे चिखलाला शून्य.
हे कोष्टक कुणीतरी मांडलं
खडकाला चिकटणाऱ्या कालवांसाठी.
आम्ही शोधतोय तावदानाचा शिंपला,
जो कशालाच चिकटत नाही,
मऊ गाळावर ताटलीसारखा आडवा पडून राहतो.
ज्याच्यातून पुढे कुणाच्या तरी खोलीत
दुपार गाळून येणार
तो जन्मभर काळोखात.

पिएदाद माझ्याआधीच पाण्यात होती.
झगा कमरेला खोचलेला, दोरीने बांधलेलं टोप
मागे मागे तरंगत येणारं.
ती वाकत नव्हती, टाचेने शोधत होती.
टाच थांबली की हात खाली जाई
आणि टोपात टण्ण : तिसरी.

प्रश्न नववा. पूर्वी इथे किती होते, ते चपटे?
"चालताना पाय कापायचे."
मी लिहिलं, घनता पूर्वी जास्त.
खोडलं. लिहिलं, पाय कापायचे.

तिने मला तिसऱ्या खांबापलीकडे नेलं,
मूठभर गाळ माझ्या नाकाशी धरला.
"हाका काकडीचो वास."
गोदीकडच्या गाळाला जळक्या रबराचा, म्हणाली,
तिथे काही टाकू नका, फुकट जाईल.
चौकट तिथेच टेकवली आणि बोटांनी चाळत गेले.
पाच पिल्लं. नखाएवढी, पापडाच्या कडेसारखी.
एक उजेडात धरलं तर पलीकडे
तिचा अंगठा दिसला, भेगांसकट.

"जागा बरी ठरली तर?"
तर राखीव होईल. तीन वर्षं कुणी पाय ठेवायचा नाही.
"आणि वाईट ठरली तर?"
तर कदाचित धक्का बांधतील.
ती थोडा वेळ काहीच बोलली नाही.
मग टोप जवळ ओढलं, पाणी निथळलं,
"बाय, बऱ्याचंय भय, वायटाचंय भय,"
आणि परत टाच टाकायला लागली,
माझ्या उत्तराची वाट न बघता. बरं झालं.
उत्तर नव्हतंच.

पाणी फिरलं. मांडीवर गार रेघ चढली.
केंकरे सरांचा फोन : आकडा काय आला?
शून्य पॉइंट एकतीस, सर. कोष्टकाप्रमाणे.
म्हणजे नापास.
कोष्टकाप्रमाणे, मी परत म्हटलं.

सातव्या रकान्याला नुसतं 'शेरा' म्हणतात,
तो कुणी वाचत नाही.
ओल्या कागदावर पेन्सिल फाटत फाटत लिहिलं :
काकडीचा वास. पिल्लं पाच, जिवंत, जागेवर परत ठेवली.
इथे एक बाई रोज चालते. चाळीस वर्षं.
तिच्या चालण्याने गाळ हलता राहतो का, हे मोजलेलं नाही.
जागा मिटली, मग समासात वळवलं :
राखायचं असेल तर तिच्यासकट

इथे टोक मोडलं.

होडीत चढताना रुझारने माझे पाय पाहिले.
दुसरी चप्पल? खाली. शोधू? नको.
"राहूं दी," तो वल्हं उचलत म्हणाला,
"कालवांक तरी चिकटपाक कितें मेळ्ळें."